गेटावरचा हात

अप्पा, नवं लोखंड सगळ्यात लबाड, हे तुमचंच बोलणं. जुनं आपला गंज तरी दाखवतं. नवं चकचकीत दिसतं आणि कारखान्यातलं तेल अंगावर लपवून येतं. अजून डोळ्यापुढं आहे: आळंदच्या रस्त्यावरच्या आपल्या शेडमध्ये मी सोड्याच्या पाण्यानं पट्ट्या घासते आहे, तुम्ही वरून तांब्यानं पाणी सोडता आणि वाकून बघता. पाण्याचे थेंब थेंब झाले, म्हणजे तेल अजून आहे. "पाणी फुटायलंय. पुन्ना धू." किती वर्षं ऐकलं हे! आणि खजुरीचा तो तुमचा शागीर्द, माझ्याच वयाचा, त्यानं धुतलेल्या पट्टीवर पाणी सलग पसरायचं. तुम्ही नुसतं म्हणायचात, "व्हय." त्या एका शब्दासाठी मी जळून जळून कोळसा झाले. खोटं कशाला बोलू? पोटची मी, आणि 'व्हय' त्याला!

निर्णा गावच्या गिऱ्हाइकाचं गेट त्यानंच धुतलं, वाळवलं. धुतल्या लोखंडाला उघडा हात लावायचा नाही, घाम रंगाखाली गंजतो, हा तुमचा कायदा. तुम्ही दोघं रेड ऑक्साइडचा प्रायमर ढवळायला मागं गेलात. मी भर उन्हातून आलेली, हाताला घामाची धार. मधल्या पट्टीवर पंजा ठेवला आणि दाबून धरला. त्यावरच तुम्ही प्रायमर मारलात.

वर्षाच्या आत गेट परत आलं. रंगाला फोड आलेले आणि त्यातून पाच बोटं तांबडी उमटलेली. गिऱ्हाइकासमोर तुम्ही त्याला फाडून खाल्लंत, "हात लावलासच कामून?" त्यानं त्या बोटांकडं बघितलं, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाला, "चुकलं, उस्ताद." महिन्याभरात त्यानं हुमनाबादला स्वतःचं दुकान टाकलं. मला काय आनंद झाला होता, अप्पा! पुढं तुम्ही मलाही 'व्हय' म्हणू लागलात, पण तोवर तुम्हाला नीट दिसतही नव्हतं.

आता तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लोक माझ्या शेडमध्ये उभं राहून सांगतात, अप्पांचा हात हुमनाबादवाल्यात उतरलाय. मेल्यांनो, मग तिकडंच जा की! शेवटी मागच्या आठवड्यात मीच गेले. त्यानं खुर्ची पुसून दिली, चहा मागवला. मला राहवेना. म्हटलं, "त्या गेटावरचा हात माझा होता."

तो हसला. "ठाव हाय की, अक्का. बोटं केवढी बारकी होती! दुसऱ्याच दिवशी उस्ताद खजुरीला घरी आले होते. म्हणले, पोरीचा हात हाय, बघितल्याबरोबर वळकला. चारचौघांत तिला कसं बोलू? तेवढं तू पोटात घाल. आन् रडले बघा."

हे सगळं लिहून काढलंय खरं, पण तुमच्यापर्यंत न्यायचं कुणी? लाज वाटायला हवी होती, आणि वाटलीही, पण ती घरी आल्यावर. तिथं खुर्चीत बसल्या बसल्या मात्र माझ्या मनात एवढंच आलं, की तुम्ही रडलात ते त्याच्यापुढं.