न धुतलेली ओढणी

मयूर विहार, दिल्ली
रविवार, ६ फेब्रुवारी १९९४

चि. वृंदा हिस,

अनेक आशीर्वाद. ‘चि. सौ.’ लिहायला हात गेला होता, सात वर्षांची सवय, मागे घेतला. इकडे सर्व ठीक. तुझी तब्येत बरी असेल. तुमच्या हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला झाडी फार, त्यामुळे थंडीही जास्त असणार. लोकरीचे मोजे घालत जा. तुझा पत्ता हेमलताकडून घेतला. तिच्यावर रागावू नकोस, मंडळाच्या हळदीकुंकवात मीच तिला कोपऱ्यात गाठलं होतं. सोबत तिळगूळ आहे. रथसप्तमीपर्यंत चालतो, म्हणजे अजून उशीर झालेला नाही.

पत्र कशासाठी ते आधी सांगते, नाहीतर तू इथेच घडी घालून ठेवशील. बंडू गुवाहाटीला श्रीरंगकडे गेलेला नाही. तो इथे माझ्यापाशी आहे आणि या क्षणी माझी चप्पल खातो आहे. तो इथे कसा, हे तुला लिहायला हवं. पण आज नको. आज मला त्याच्याबाबतीत तुझी मदत हवी आहे.

हा कुत्रा दमत नाही गं. अर्धा अल्सेशियन आणि उरलेला अर्धा कोण ते देवाला ठाऊक. पण जो कोण होता, तो झोपेशिवाय जन्माला आला होता. तू पहाटे उठून त्याला तासभर पळवायचीस आणि मग लायब्ररीत कामाला जायचीस, तेव्हा मी मनात म्हणायची, बाईला स्वयंपाकघर टाळायला बरं निमित्त सापडलंय. आता त्रेसष्टाव्या वर्षी माझ्या गुडघ्यांना कळतंय.

सकाळी सोसायटीला चार फेऱ्या मारते. चौथ्या फेरीला मी पाण्याच्या टाकीपाशी बसते आणि तो मला ओढून उठवतो. यमुनेकाठी भाज्या लावतात तिकडे नेलं, तर कोबीच्या वाफ्यांतून असा उधळला की माळी काठी घेऊन माझ्याच मागे लागला. गच्चीत चेंडू खेळवला, तर चेंडू खालच्या बाल्कनीत उन्हात ठेवलेल्या गाजराच्या लोणच्यात. दक्षिणी देवळाजवळच्या दुकानातून असोला नारळ आणून दिला. म्हटलं, बस सोलत दिवसभर. वीस मिनिटांत शेंड्या घरभर, आणि हा दुसऱ्या नारळाची वाट बघत उभा. शेवटी कुणी म्हणालं, हाड द्या. तर मी, चातुर्मासात कांद्याला हात न लावणारी बाई, नाकाला पदर लावून खाटकाच्या दुकानापुढे रांगेत उभी राहिले. हसू नकोस. हसलीस तरी चालेल म्हणा.

संक्रांतीला मंडळाची बस पानिपतला गेली, काला अंबच्या मराठ्यांच्या स्मारकाला. ड्रायव्हरला दोन लाडू देऊन बंडूलाही चढवलं. आम्ही सगळे स्मारकापाशी हात जोडून उभे आणि हा शेजारच्या मोहरीच्या शेतांतून वाऱ्यासारखा पळतोय. परतताना मात्र माझ्या मांडीवर डोकं टाकून झोपला, कितीतरी आठवड्यांत पहिल्यांदा. पुढच्या सीटवरच्या सुनीतीने वळून विचारलं, सूनबाई नाही आल्या? मी म्हटलं, सुट्टी मिळाली नाही तिला. विश्वास पानिपतात गेला म्हणतात. माझ्यावरचा परतीच्या बसमध्येच जायला हवा होता, पण तिने आपली मान डोलावली.

उपाय सापडला तो आमच्या मागच्या ब्लॉकमधल्या नेगींमुळे. फौजेत कुत्र्यांना शिकवायचे, सुभेदार होऊन निवृत्त झाले. माझी फरफट पाहून म्हणाले, “माताजी, कुत्ता टाँगों से नहीं थकता, नाक से थकता है.” त्याला एखाद्या वस्तूचा वास द्यायचा, ती लपवायची आणि शोधायला सांगायचं. पंधरा मिनिटं शोधणं म्हणजे दोन तास पळणं.

माझा रुमाल लपवला. मिनिटात आणून पायाशी टाकला, टपालवाल्यासारखा. मग कपाटात तळाशी तुझी एक राहिलेली ओढणी सापडली, पिवळी, बांधणीची. ती लपवली आणि बंडूचं रूपच पालटलं. पलंगाखाली, गव्हाच्या डब्यामागे, देवघरात, नाक जमिनीला लावून एकेक खोली वाचत गेला. सापडल्यावर तिच्यावरच झोपला. मग आमचा रोजचा नेमच झाला. मी लपवायची, त्याने शोधायची.

आणि मग मी ती धुतली. लाळेने बरबटली होती आणि माझा हात तुला माहीत आहे. रात्री साबणाच्या पाण्यात भिजवली, सकाळी खळखळून धुतली, वर इस्त्री केली. बंडूने वास घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि दाराशी जाऊन बसला. आज आठ दिवस झाले, तो खेळत नाही आणि झोपतही नाही.

तर मागणं असं की तुझा एखादा वापरलेला कपडा पाठव. ओढणी, मोजा, काहीही. धुवू नकोस. ओला टॉवेल खुंटीवर लावलास म्हणून ज्या बाईने तुला चार माणसांदेखत बोल लावले, तीच तुझा पारोसा कपडा मागते आहे. देव सगळं बघतो.

खाली काय लिहून सही करावी कळत नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

चंद्रप्रभा


मयूर विहार, दिल्ली
रविवार, २७ फेब्रुवारी १९९४

चि. वृंदा,

आशीर्वाद. पार्सल मंगळवारी मिळालं. निळी ओढणी, आणि चिठ्ठी नाही. मी कागद दोनदा उलटून पाहिला, ओढणीची घडीसुद्धा झटकून पाहिली. ठीक आहे. पाठवलीस तेच खूप.

लपवायची वेळच आली नाही. पार्सलची दोरी कापायच्या आत बंडूने ते माझ्या हातातून ओढून घेतलं. कुठला खेळ न् काय. ओढणी तोंडात धरून तुझ्या खोलीत गेला, रिकाम्या पलंगाखाली शिरला आणि झोपला. दुपारचं दूध नाही, पोळी नाही. संध्याकाळी उठला तो ओढणीसकट दाराशी येऊन बसला. जिन्यावर पाऊल वाजलं की उभा राही, पाऊल वर निघून गेलं की पुन्हा बसे. मी बुधवारी नेगींना बोलावलं. त्यांनी खाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, “ये अब खेल नहीं है, माताजी. जिसकी चुन्नी है, उसको बुलाइए.”

म्हणून आता ते लिहिते. चार दिवस कागद समोर घेऊन बसले होते.

तू घर सोडलंस तेव्हा हॉस्टेलात कुत्रा चालत नव्हता, म्हणून बंडूला माझ्यापाशी ठेवून गेलीस. श्रीरंग बदली मागून गुवाहाटीला निघून गेला. तुम्हा दोघांत मी पडले नाही, असं मी लोकांना मोठ्या तोऱ्यात सांगते. खरं म्हणजे माझ्या मुलापुढे मी तोंड उघडायला हवं होतं आणि उघडलं नाही. तरी तू दर रविवारी यायचीस. त्याला फिरवायला. सव्वा वर्ष, पावसात आणि मे महिन्यातल्या लूच्या झळांतसुद्धा. फिरवून आणलंस की पंख्याखाली बसून चहा घ्यायचीस. मी पोहे करायची आणि म्हणायची, उरलेत म्हणून देते. ते कधीच उरलेले नसत, वृंदा. तुझ्यासाठी केलेले असत.

मग कोर्टात तुमचा निकाल लागला, तुला खोली मिळाली आणि तू निरोप पाठवलास की दिवाळीआधीच्या रविवारी बंडूला न्यायला येते. सगळं ठरल्याप्रमाणेच होतं. पण त्या आठवड्यात मला अन्न गेलं नाही. कुत्रा गेला की रविवारही गेला, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. म्हणून तू यायच्या अर्धा तास आधी मी त्याला साखळीसकट वरच्या मजल्यावर सरलाजींच्या मागच्या खोलीत नेऊन बांधलं. आणि तुला म्हटलं, श्रीरंग आला होता, घेऊन गेला. होळीला परत आणणार आहे, तेव्हा ये. वाटलं, होळीपर्यंत तरी एक धागा राहील.

अक्कल बघ माझी. तू यावंस म्हणून कुत्रा लपवला, आणि कुत्रा नाही म्हटल्यावर तू कशाला येतेस? त्यानंतरच्या एकाही रविवारी दार वाजलं नाही. पोहे मात्र मी पहिले दोन रविवार केले.

पण हे एवढंच असतं तर मागच्याच पत्रात लिहून मोकळी झाले असते. मला बोचतं ते निराळंच.

तू चहा घेत होतीस आणि वर बंडू भुंकला. तुझा कप हातात तसाच थांबला. मी म्हटलं, सरलाजींनी नवीन कुत्रा आणलाय. तू छताकडे पाहिलंस, मग दाराजवळच्या साखळीच्या रिकाम्या खुंटीकडे, मग माझ्याकडे. मी पदराने टेबल पुसत होते, पुसलेलंच टेबल. तू चहा संपवलास, कप विसळून ठेवलास. पिशवीतून नवा लाल पट्टा काढलास, त्याला न्यायला आणलेला, आणि खुंटीला अडकवलास. वाकून नमस्कार केलास आणि म्हणालीस, “आई, त्याला सकाळी लवकर फिरवावं लागतं. नाहीतर दिवसभर तुम्हाला त्रास देईल.”

गुवाहाटीतला कुत्रा मला मयूर विहारात कसा त्रास देणार होता?

तुला कळलं होतं. जिना चढून वर गेली असतीस तर तो तुझा होता. तू गेली नाहीस. ही म्हातारी एकटी पडेल म्हणून तू तुझा कुत्रा सोडून गेलीस, आणि मी दार लावून घेतलं, देवासमोर निरांजन लावलं आणि स्वतःला म्हटलं, निभावलं बाई. मी तुझ्याशी फार वाईट वागले. याला दुसरा शब्द नाही.

मला तुझी फार आठवण येते. कुत्र्याला येते म्हणून इतके दिवस लिहिलं. ती पिवळी ओढणी धुवायच्या आधी मीही नाकाशी धरली होती.

येत्या रविवारी, सहा मार्चला, सकाळी आठ वाजता मी बंडूला घेऊन तुमच्या रिजच्या टेकडीवर येते, हिंदूराव हॉस्पिटलच्या फाटकासमोर. बसमध्ये घेत नाहीत, ऑटोवाला ठरवला आहे. लाल पट्टा लावून आणीन. आजवर तो मी वापरला नाही, तू अडकवलास तिथेच आहे. पट्टा तुझ्या हातात देईन. तू त्याला घेऊन जा, तो तुझाच आहे, आणि मला दोन शब्द बोलायचे असले तर बोल. नसलंच बोलायचं तर मी त्याच ऑटोने परत येईन.

पण एक विचारते. तू लायब्ररीत दिवसभर, आणि हा असा. याला दमवणं एका माणसाचं काम नाही, हे मी अनुभवाने सांगते. रविवारी मी येत जाऊ का? एक टोक तू धर, एक मी. पोह्यांचा डबा आणीन.

ओढणी बंडू सोडत नाही, त्याच्याबरोबरच येईल. धुतलेली नाही.

त्या दिवशी दारातून जाताना तू मला ज्या शब्दाने हाक मारलीस, तोच खाली लिहिते आहे. नको असेल तर खोडून टाक.

आई