पोरीवाल्याईले वाशीम दाखवलं

गुरुवार, दिवेलागणी

आमच्या गजूले पोरगी द्याची म्हणून आज पाहुणे आले. पोरीची माय म्हणे, पहिले गाव दाखवा. दाखवलं. बालाजीचं मंदिर, पद्मतीर्थाचा तलाव, मंडीतले सोयाबीनचे ढीग. मी सांगत होती, आमचं वाशीम पहिले राजधानी होती, राजे राहत इथं.

ती म्हणे, "राजे गेले नं बाई. कंपनी हाय का एखादी?"

आमचा मेथी-वांग्याचा मळा दाखवला, तर चपलेचा चिखल पुसत बसली. राग आला, पण गिळला. तीन ठिकाणाहून नकार आलेला हाय. अन् मी पुन्हा राजधानी, राजधानी. काहून बोलली असन मी तसं?

निघताना तिची ओटी भरली, तिच्या मालकाले दुपट्टा-नारळ देला. तो म्हणे, "पोरगा पुण्याले राहाले तयार असन, तर पोरगी दिली समजा."

गजू पटकन बोलला, "तयार हाय."

माझ्याकडं पाह्यलं बी नाही त्यानं. सून पाह्यजे म्हणून मीच तर देवाले हात जोडत होती.

सगळे माझ्या तोंडाकडं पाहत होते. पेढ्याचा डबा उघडला अन् म्हटलं, "घ्या, तोंड गोड करा."