रोहरिंगरच्या स्टुडिओवर पाळत

४ मार्च १९०९, व्हिएन्ना
ओटिली आजही दुपारी बाहेर. गुरुवार म्हणजे बाहेर, हे ठरूनच गेलंय. परतली तेव्हा बाहीला सोन्याचा वर्ख! "बाबांचं जुनं काम," म्हणाली. सासरे चर्चमधल्या वेदीला वर्ख लावायचे, पण ते वारून सहा वर्षं झाली. मी काय खुळा आहे?
चित्रांवर सोनं फासणारा या शहरात एकच: कास्पर रोहरिंगर. सभागृहाच्या छतावर याने नागड्या बायका काढल्या, त्या उतरवा म्हणून अर्ज झाला, त्यावर पहिली सही माझी. आता सूड घेतोय. माझ्याच बायकोला मॉडेल करून!
तिला काही विचारायचं नाही. सावध होईल.

५ मार्च
तो अर्ज करणाऱ्या आमच्या सदभिरुची मंडळात अध्यक्ष टोमाशेकांना सूचित केलं: रोहरिंगरविरुद्ध पुरावा आणतोय. म्हणाले, "मास्तरसाहेब, हे तुमच्यासारख्या निष्कलंक माणसाचंच काम." खरं आहे.

११ मार्च
पाठलाग. ती रोहरिंगरच्या स्टुडिओच्याच बागेत शिरली. मी लायलकच्या झुडपाआड. झुडपाला अजून एकही पान नाही, हे नंतर लक्षात आलं. शेजारची मोलकरीण म्हणाली, "आजोबा, काही हरवलंय का?" तीही सामील असणार.

१६ मार्च
जाब विचारायला गेलो. रोहरिंगरने दार उघडलं, मला खालून वर न्याहाळलं. "आलात? असाच म्हातारा हवा होता. कपडे त्या पडद्यामागे काढा."
नकार देणारच होतो. पण शत्रूच्या गोटात शिरायची अशी संधी पुन्हा येते? हेराला त्याग करावाच लागतो. शिवाय शेगडी छान पेटली होती.

३० मार्च
रोहरिंगरपुढे मॉडेल म्हणून तिसरी बैठक. सहज विचारल्यासारखं विचारलं, गुरुवारी कोण येतं? म्हणाला, "ओटिलीबाई! त्यांच्यासारखा हात अख्ख्या व्हिएन्नात नाही." हात! निर्लज्ज मेला. रागाने थरथरलो, तर म्हणाला हलू नका.
माझ्या बरगड्या फार बोलक्या आहेत म्हणे. शाळेत जन्मभर लॅटिन शिकवलं, एवढं कौतुक कुणी केलं नाही. अर्थात मी भुलणार नाही.

२ मे
रोहरिंगरचं प्रदर्शन उघडलं. निषेधाला मंडळ हजर, आघाडीवर मी. समोरच्या भिंतीवर पुरुषभर उंचीचा नागवा म्हातारा, भोवती सोनंच सोनं. नाव 'मत्सर'.
टोमाशेकांनी चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा चित्राकडे. मी म्हणालो, साम्य केवळ योगायोगाचं. तेवढ्यात रोहरिंगर हात पसरून आला: "या, या! आमचे मॉडेल!"
मग त्याने ओटिलीला पुढे आणलं. सगळा वर्ख ह्यांनी लावलाय, वडिलांची विद्या आहे, म्हणाला. टाळ्या पडल्या.
ती माझ्या कानाशी म्हणाली, "महिनाभर तुझ्याभोवती वर्ख लावत होते, लिओ. रोज वाटायचं, आज तरी काही विचारशील. तू पाळत ठेवलीस, पण विचारलं नाहीस."

५ मे
मंडळातून काढलं. टोमाशेक मला बघून पलीकडच्या फुटपाथवर गेले.
सकाळी ओटिलीला विचारलं, तिथे नेमकं काय काय करतेस? तिने हॅटला पिन लावली. "सांगायला वेळ लागेल. आता मला उशीर होतोय." गेली.
कॉफी माझी मीच केली. जमली नाही.