जानेफळात फिरलेलं पत्र

नागपूर,
ता. ४ मे १९७०

ती. रुख्मिणीताईस,
माणिकचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तू धाडलेल्या कुरड्या पोचल्या. खोलीतल्या दोघा डॉक्टरांनी त्यांचा फडशा पाडला, माझ्या वाट्याला चुरा आला. दाजींचा खोकला कमी झाला का? बिडी सोडली तर होईल, हे माझं नाव न घेता त्यांना सांग.

आता खरी गोष्ट. दीड वर्षापासून मुलांच्या तातडीच्या वॉर्डात मी एकाच संशोधनात गुंतलो आहे. हगवणीनं सुकलेली लेकरं येतात. डोळे खोल गेलेले, सलाईन लावायला शीर सापडत नाही. त्यांना आम्ही साखर-मिठाचं पाणी चमच्याचमच्यानं पाजतो आणि दर तासाला वहीत टिपण ठेवतो. पुष्कळ लेकरं उठून बसतात, ताई. ती पाण्यावाचून मरत होती.

बासष्टच्या उन्हाळ्यात, डॉक्टरकीच्या तिसऱ्या वर्षाला असताना, मी तुला मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, की हगवण लागली की दिवसभर पाण्याचा थेंब देऊ नये. पुस्तकात होतं तसं उतरवलं. महिन्याभरात तुझा कचरू गेला. तू मला कधी एका शब्दानं बोलली नाहीस. तुझं लेकरू माझ्यामुळे गेलं. ते पत्र असेल तर चुलीत घाल.

तुझा अपराधी,
माणिक


जानेफळ,
ता. १२ मे १९७०

चि. माणिकास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. ते जुनं पत्र माझ्याजवळ कुठं आहे बाप्पा? आपल्यातला पहिला डॉक्टर, त्याच्या हातचं लिहिलेलं, म्हणून बायका मागून नेतात. लेकरू आजारी पडलं की पत्र त्या घरी, उशाखाली. आपल्या घरचं पाणी चालत नाही त्या अन्नपूर्णाबाईनंही गडी धाडून नेलं होतं. पत्र चाललं तिले.

अन् तू म्हणतो तुझ्यामुळे. मग ऐक. कचरू पाण्यासाठी तळमळत होता. सारे अंगणात गेले तव्हा मी त्याले चोरून दोन चमचे पाजले. घडीभरानं तो ओकला, अन् दिवस मावळायच्या आत गेला. आठ वर्षं मले वाटे, की तुझं सांगणं मोडलं म्हणून माझं लेकरू गेलं. तुले सांगायची छाती झाली नाही. तू सुट्टीत आला की मी वावरात जाऊन बसे, अन् तू म्हणे ताईले कामाची भारी हौस.

तुझं पत्र वाचून पहिल्यांदा जीव हलका झाला. मग मले कलाबाई आठवली.

मी चुकली ते दुसरीनं चुकू नये म्हणून, जिथं पत्र जाई तिथं मी बी जाऊन बसे. मागच्या पोळ्याले कलाबाईची पोरगी अशीच पडली होती. कलाबाईनं पाण्याची वाटी उचलली, तं मी तिचा हात धरला. तिले म्हटलं की मायेपायी लेकरू जाते, जीव घट्ट कर. तिनं ऐकलं. पोरगी सकाळी गेली. अजून ती मले म्हणते, की ताई, तुम्ही होत्या म्हणून माझ्या हातून पाप झालं नाही.

तू नवं पत्र लिही, मोठ्या अक्षरात. जुनं मी घरोघर जाऊन हुडकते. पण कलाबाईच्या दारात कोणतं तोंड घेऊन उभी राहू, तेवढं बी त्यात लिही.

तुझी,
ताई


नागपूर,
ता. १९ मे १९७०

ती. ताईस,
सप्रेम जयभीम.

नवं पत्र सोबत आहे. दोन मोठे पेले उकळून गार केलेलं पाणी, मूठभर साखर, तीन बोटांच्या चिमटीत मावेल एवढं मीठ. आधी आपण चाखायचं. आसवांपेक्षा खारट लागलं तर टाकून द्यायचं. लेकरू ओकलं तरी थोडं थांबून पुन्हा चमचा द्यायचा, आणि लगेच दवाखाना गाठायचा. तुझे दोन चमचे बरोबर होते, ताई. ते दोनच राहिले, ते माझ्या पत्रामुळे.

तू मागितलेलं शेवटचं मला लिहिता आलं नाही. चार कागद फाडले. रविवारी एसटीनं मेहकरला उतरतो आणि तिथून जानेफळला येतो. तोवर कलाबाईकडे एकटी जाऊ नकोस. दारात पुढे मी उभा राहीन. मग ती जे बोलेल ते दोघं खाली मान घालून ऐकून घेऊ.

लोभ असावा असं, गेलं पत्र सोडलं तर, आजवर प्रत्येक पत्रात सवयीनं लिहीत आलो. आज मागतो आहे.

तुझा,
माणिक