बोटीच्या बॅटरीला सोडा

माय, पांडेसऱ्याची साड्यांची मिल सोडून मी हजिऱ्याच्या बंदरात लाँचवर वायरमन म्हणून लागलो, तेव्हा तू स्टोव्हपाशी भाकरी थापत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मिलमा काय वाईट व्हतं? पानीवर जाईसन काय करशी?" त्याच मिलमध्ये तू साड्यांच्या घड्या घालायचीस, आणि तिथे मला घ्यावं म्हणून तूच शब्द टाकला होतास. त्यानंतर बरेच दिवस तू कामापुरतंच बोललीस. मी डब्यातला खायचा सोडा नेऊ लागलो तेव्हा मात्र तोंड उघडलंस, "सोडा भजासाठे शे, बोटसाठे नही." मी सांगितलं, खाऱ्या हवेनं बॅटरीच्या जोडांवर पांढरी-हिरवी बुरशी चढते, ती सोड्याच्या पाण्यानं धुवायची, जोड कोरडा करून आवळायचा, मग वरून ग्रीस लावायचं. तुला पटलं नाही.

एका सुट्टीला मी तुला लाँचवर नेलं. तापीच्या मुखाशी लाँचच्या पाण्याखालच्या पंख्यात जाळं अडकलं म्हणून लाँच चालवणाऱ्या टंडेलनं इंजिन बंद केलं. जाळं निघालं, पण इंजिन सुरू होईना. "सेल्फ नथी लागतो," तो म्हणाला, म्हणजे स्टार्टर फिरत नव्हता. ओहोटी लागलेली. लाँच वाहत चालली आहे आणि समोर नांगरलेल्या जहाजाची लोखंडी भिंत जवळ येते आहे. मी बॅटरीची पेटी उघडतो. वरून जोड स्वच्छ, ग्रीस जागच्या जागी. पण वायर टोकाशी दाबली तर मऊ लागते. आवरण चिरतो, आत तांब्याचा काळा भुगा.

"काय व्हयनं?" तू शेजारी येऊन बसतेस.

"आतून सडली."

तू वायर दोन्ही हातांनी घट्ट धरतेस. चकचकीत तांबं लागेपर्यंत मी ती कापत जातो, उघडं टोक बॅटरीच्या पकडीत आवळतो आणि टंडेलला पुन्हा सेल्फ मारायला ओरडून सांगतो. इंजिन धडधडलं, जहाजाच्या साखळीला घासून आम्ही वळलो. पुढे मी प्रत्येक टोकावर रबरी नळी चढवून ती बंद करू लागलो, म्हणजे खारं पाणी आवरणाखाली शिरत नाही.

गल्लीत तू सगळ्यांना सांगितलंस, "मन्हा पोऱ्या जराबी घाबरना नही." हे सगळं तू हयात असताना लिहिलं असतं तरी तुला वाचता आलं नसतं, आणि वाचून दाखवायचं धाडस मला झालं नसतं. माझे हात इतके थरथरत होते की तू धरली नसतीस तर ती वायर कापली गेली नसती. तुझं म्हणणं मी खोडलं नाही. ऐकायला बरं वाटत होतं.