भोकावरची चिकटपट्टी

सनीव्हेल, शनिवार, ऑक्टोबर १९८४

आज सुधीरने माझी व्हिडिओ कॅसेट परत केली. माझ्या लाडक्या डायरेक्टरची टीव्हीवरची मुलाखत होती तिच्यात. गुन्हेगारीचे सिनेमे करणारा माणूस समुद्रावरच्या साहसकथांकडे का वळला, ते त्याने स्वतः सांगितलं होतं. म्हातारा परवाच वारला, म्हणून मुद्दाम लावली. तर मंडळाचा गणेशोत्सव! स्टेजवर सुधीर गातोय.

फोन केला. "चुकून झालं यार," म्हणाला.

चुकून? वर काही रेकॉर्ड होऊ नये म्हणून कॅसेटची खिटी मी तोडून ठेवली होती. भोक बुजवलं की पुन्हा रेकॉर्ड होतं, म्हणून त्या भोकावर याने चिकटपट्टी लावली. कात्रीने मापात कापून! चुकून कोण कापतं?

आणि मी त्याला काय म्हणालो? "छान गायलास."