एक्केचाळिसावा प्रश्न

सोमवार, ३ तारीख

पोचले! खोली लहान आहे पण उजेडाची. खिडकीशी टेबल, आणि टेबलाच्या खणाला चक्क कुलूप. घरी माझ्या कुठल्याच वस्तूला कुलूप नव्हतं. दादा माझ्या वहीची पानं फाडून गाडीचे तेलकट हात पुसायचा आणि वर म्हणायचा, एवढं लिहून कोणाचं भलं झालंय? बघ म्हणावं आता.

घरातली पहिली पदवीधर, आणि पहिलीच नोकरी अशी! दोन आठवडे इथंच राहून या शुश्रूषागृहाची आणि पुनर्वसन केंद्राची पाहणी करायची. चाळीस प्रश्नांचा तक्ता, एकूण शंभर गुण. निघताना बाबांनी डोक्यावर हात ठेवला. डावा. उजवी बाजू सात महिन्यांपूर्वी गेली, जीभही जड झाली. शिंपी माणूस, उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असतो. त्याच हातातल्या कात्रीवर माझं सगळं शिक्षण झालं.

इथल्या व्यायामवाल्या सरांनी आल्या आल्या माझं बारसं केलं : मार्कवाल्या ताई. मी हसले, पण मनात ठरवलंय. एकही गुण फुकट द्यायचा नाही.

मंगळवार, ४ तारीख

दिवसभर पायाला भिंगरी. चादरी उचलून पाहिल्या, रुग्णांना कुशीवर वळवून पाठी तपासल्या. एकालाही जखम नाही. पाण्याचे तांबे हाताच्या अंतरावर. एका पलंगाची घंटा मुद्दाम दाबली, तर मेट्रनबाई चाळीस सेकंदांत हजर, आणि मला पाहून म्हणाल्या, काय हो, तुम्हाला बेडपॅन देऊ का?

इमारती दोन आहेत. पुढची बरे होऊन घरी जाणाऱ्यांची, मागची कायम राहणाऱ्यांची. मागची तितकीच स्वच्छ, पण भेटीच्या वेळेतही तिथं बाहेरचं कोणी नव्हतं. डावा पाय निकामी झालेल्या एक मावशी आहेत. त्यांनी विचारलं, "मार्कवाल्या ताई, तुझ्या तक्त्यात आमचा रकाना आहे का गं?" मी म्हटलं, चाळीसच्या चाळीस प्रश्न तुमच्यासाठीच आहेत. त्या डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या.

गुरुवार, ६ तारीख

इथं माणसं खरोखर बरी होतात. पाच महिने अंथरुणाला खिळलेले एक गृहस्थ आज स्वतःच्या पायांनी फाटकाबाहेर गेले. नऊ दिवसांत!

पद्धत साधी आहे. घरचं एक धडधाकट माणूस सोबती म्हणून येतं. रुग्णाचा अधू हात किंवा पाय आणि सोबत्याचा चांगला, दोन्ही मऊ पट्टीनं एकत्र बांधतात. मग सर म्हणतात, मूठ मिटा, मूठ उघडा. तासन् तास तेवढंच.

मला राहवेना. मुख्य कचेरीत आमच्या मोठ्या बाईंना फोन केला. वडिलांना इथं आणलं तर गैर होईल का? मला वाटलं, रागावतील. त्या म्हणाल्या, उलट बरंच, तुला आतून बघता येईल.

शनिवार, ८ तारीख

दादा बाबांना गाडीतून घेऊन आला. सर अर्धा तास बाबांशी एकटेच बोलले. मग बाहेर येऊन विचारलं, सोबती कोण? दादानं लगेच बाही वर केली. बाबांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केलं. त्यांचं बोलणं कोणाला कळत नाही, पण हे सगळ्यांना कळलं. "ही."

मी रडले. आयुष्यात पहिल्यांदा दादाच्या आधी माझा नंबर लागला.

सोमवार, १० तारीख

बाबांची बोटं हलली!! जीभही सुटतेय. आज त्यांनी मला हाक मारली.

पट्टीनं माझ्या हाताला मुंग्या येतात. पेन दोनदा पडलं. सर म्हणाले, होतं असं, सवय नाही ना.

मंगळवार, ११ तारीख

बाबांनी कात्री धरली. मग टेप मागून माझं माप घेतलं. खांदा, बाही, मनगट. म्हणाले, या हातानं पहिला कपडा तुझाच शिवणार. माप घेताना ते माझ्याकडे बघत नव्हते. भरून आलं असेल.

तक्ता भरला. शंभरपैकी शंभर. सही जरा वेडीवाकडी आली. पाठवून दिला.

बुधवार, १२ तारीख

अक्षर वाईट येतंय.

तक्त्यामागोमाग पाठवायच्या यादीसाठी दोन्ही इमारतींच्या नोंदवह्या घेऊन बसले. पुढून ज्या दिवशी एक माणूस घरी जातो, त्याच दिवशी मागे एक दाखल होतो. आडनाव तेच. अवयवही तोच. तेवीसच्या तेवीस.

मावशींकडे गेले. त्या म्हणाल्या, त्या नवऱ्याला घेऊन आल्या होत्या, स्वतःच्या दोन पायांवर. "जाताना बॅग मात्र त्यांनी स्वतः उचलली हो, मला त्रास नको म्हणून."

पट्टी सोडली तरी थांबत नाही म्हणाल्या. सकाळी बाबांना घेऊन निघते. बाबांना हे माहीत नसणार. त्यांना कळलं तर ते —

गुरुवार, १३

डाव्या हातानं लिहितेय. उजवा गेला. पाय ओढतोय. बोलले तर मेट्रनना कळेना —

बाबांना कळलं. ते सुईत दोरा ओवत होते. पहिल्याच झटक्यात ओवला. म्हणाले, सरांनी पहिल्या दिवशीच सगळं सांगितलं होतं. स्वच्छ बोलतात आता. दादाच्या हातात गाडी आहे, घर त्याच्यावर चालतं. तुला काय, लिहायचंच तर असतं. ते डाव्यानंही जमतं.

नवा तक्ता फॅक्सनं पाठवला. शून्य. परत आला. सही जुळत नाही — मोठ्या बाईंनी मेट्रनना कळवलंय, मुलगी दमली आहे, तिथंच ठेवून घ्या —

शुक्रवार

बाबा गेले. चालत. खिडकीतून पाहिलं. फाटकाशी दादा होता. वर बघून हात हलवला त्यानं. त्याला सांगितलं असेल, नोकरी आहे, राहतेय.

मागच्या इमारतीत आणलं मला. मावशींशेजारी. दाखल करण्याच्या कागदावर बाबांची सही. उजव्या हाताची. वळणदार.

पुडकं ठेवून गेले. पहिला कपडा. अंगाला बरोबर बसतो. उजवी बाही खांद्यापासून मनगटापर्यंत उघडी. बंद लावलेत. हात न उचलता घालता यावा म्हणून —

मंगळवारी माप घेतलं होतं. मंगळवारी मी उजव्या हातानं लिहीत होते अजून.

मावशी वही धरतात. रकाना काढ म्हणतात. काढला.

४१. सोबत्याचं पुढे काय होतं?

उत्तर : सोबती मागच्या इमारतीत राहतो.